बाहेरून काही आलं नव्हतं

अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या वॉर्डात नवा डॉक्टर म्हणून रुजू झालो, तेव्हा माझा एक पक्का समज होता. इथे रुग्णाला ताप आला म्हणजे कुणाचा तरी हलगर्जीपणा झाला. हात धुतले नसतील, मास्क खाली ओढला असेल, बाहेरचं खाणं आत आलं असेल. या समजाला मी शिस्त म्हणायचो. होता तो संशय, आणि तोही फक्त नातेवाइकांवर. स्वतः लिहिलेल्या औषधांवर तो मी कधी घेतला नाही.

एका तरुणाला प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या महिन्यात ताप आला, मानेत गाठी आल्या. मज्जा थोरल्या बहिणीने दिली होती, शुश्रूषाही तीच करत होती. मी तिला बाहेर बोलावून विचारलं, "ताई, घरी कोण आलं होतं? काय खायला दिलंत?" ती एकेक गोष्ट आठवून सांगत राहिली. तिच्या आवाजातली भीती मला ऐकू येत होती, तरी मी थांबलो नाही.

बायोप्सीत लिम्फोमा निघाला. त्या पेशींमध्ये एपस्टाइन-बार विषाणू होता आणि गुणसूत्रं स्त्रीची होती. भावाच्या मानेत वाढत होत्या त्या बहिणीच्याच बी-पेशी.

हा विषाणू १९६४ मध्ये सापडला. नव्वद टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या शरीरात तो असतो. बहुधा लहानपणीच लाळेतून येतो आणि जन्मभर बी-पेशींत दडून राहतो. टी-पेशींचा त्याच्यावर पहारा असतो. हे सगळं मला पाठ होतं. ह्यूस्टनच्या डेव्हिड व्हेटरची हकिगतही वाचलेली होती. १९७१ मध्ये प्रतिकारशक्तीविना जन्मलेला हा मुलगा निर्जंतुक प्लॅस्टिकच्या कक्षात वाढला. हवा, अन्न, खेळणी, सगळं निर्जंतुक करूनच त्याच्यापर्यंत जायचं. १९८३ मध्ये त्याला बहिणीची मज्जा दिली आणि काही महिन्यांत, फेब्रुवारी १९८४ मध्ये, तो गेला. त्या मज्जेतून आलेल्या याच विषाणूमुळे त्याला लिम्फोमा झाला होता. त्याच्याइतकी स्वच्छता कोणतं कुटुंब पाळू शकणार होतं? हे ठाऊक असूनही मी त्या ताईंना डब्यातल्या भाजीबद्दल विचारत होतो.

अहवाल ऐकून त्यांनी विचारलं, "म्हणजे माझ्यामुळेच झालं ना?"

"तसं काही नाही" असं म्हणून मी सुटू शकलो असतो. पण मग खरं काय, ते सांगावं लागलं असतं, आणि ते मी स्वतःलाही नीट सांगितलेलं नव्हतं. विषाणू त्यांच्यातही होता आणि त्या धडधाकट होत्या, कारण त्यांचा पहारा शाबूत होता. भावाच्या शरीरात तो पहारा आम्ही मोडला होता. दात्याच्या टी-पेशी रुग्णाच्या त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर हल्ला करतात, म्हणून एटीजी आणि सायक्लोस्पोरिन देऊन आम्ही त्या दाबतो. ते भाग होतं. पण त्याची किंमत आमच्या निर्णयाच्या खात्यावर होती आणि मी ती त्यांच्या खात्यावर मांडत आलो होतो.

हे सगळं मी त्यांना सांगितलं. सांगताना न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंगमधला १९९४ चा शोधनिबंध आठवला. अशाच पाच रुग्णांना त्यांच्याच दात्यांच्या पांढऱ्या पेशी दिल्या होत्या आणि पाचही जणांचा लिम्फोमा विरला होता. त्यातले दोघं पुढे श्वसन निकामी होऊन दगावले, तरी एक गोष्ट सिद्ध झाली: ज्याच्याकडून आजार आला, त्याच्याकडेच त्याचा उतारा होता. मी मात्र दात्याकडे संशयित म्हणून पाहत होतो.

आम्ही सायक्लोस्पोरिन कमी केलं, रिटक्सिमॅब दिलं. गाठी विरल्या. त्या विरल्या नसत्या, तरी माझी चूक तेवढीच राहिली असती.

हात आजही धुवावेच लागतात. बुरशी आणि जिवाणू बाहेरूनही येतात. पण आता प्रत्यारोपणाआधीच मी दात्याला बसवून या विषाणूबद्दल सांगतो. धोका जास्त असलेल्या रुग्णाच्या रक्तात तो वाढतोय का, हे आम्ही दर आठवड्याला तपासतो. आणि ताप आला की आधी औषधांचा तक्ता उघडतो, कारण तिथे माझी सही असते. घरच्यांना प्रश्न त्यानंतर विचारतो, आणि विचारण्याआधी बसायला खुर्ची देतो.