पुठ्ठ्याचा मागला जन्म

टाकाऊ वस्तूंची चित्रं करते म्हटलं, की लोक म्हणतात, "वाया काही जात नाही हो तुमच्याकडे!" केशवापूरच्या आमच्या घरात अडचण उलटीच. खोकी, लग्नपत्रिका, उसवलेले काठ 'लागतील कधीतरी' म्हणत पलंगाखाली साठत जातात. सासूबाई एकदाच म्हणाल्या, "अगं, भंगार झालं तरी परिग्रहच तो." तेव्हापासून नियम घेतला: आठवड्यात घरात जे रिकामं होईल तेवढ्यातच चित्र. उरलेलं रद्दीवाल्याला.

मुंबईच्या शर्मिला सामंत यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस कोका-कोलाच्या बाटल्यांची पत्र्याची बुचं जोडून साडी केली. तिच्यावर कोयरीची नक्षी आहे, पण कंपनीचं नाव झाकलेलं नाही. झाकलं असतं तर नुसती कलाकुसर उरली असती. उघडं आहे म्हणूनच ती साडी विचारते, बायांनो, आपण नेसतोय काय?

मीही पुठ्ठ्याला पांढरा थर देत नाही. तेलाच्या खोक्यावरचं वजन, ब्याडगी मिरचीच्या गोणपाटावरचा व्यापाऱ्याचा शिक्का तसाच ठेवून त्याच्याभोवती रंग लावते. मागल्या भवाचं कर्म जिवाला चिकटून येतं म्हणतात. मग पुठ्ठ्याचंच तेवढं मी का पुसू?