डब्यावरची बारीक अक्षरे

(द्वितीय वर्ष कला)

खेळावर बोलायला खेळता यावे लागत नाही. किंबहुना जो खेळतो तो फारसा बोलतच नाही, असा माझा अनुभव आहे. आमच्या वाडीखाली एस.टी.चा थांबा आहे आणि थांब्याला लागून शिंपीकाकांचे दुकान. दुकानापुढे एक बाकडे. रत्नागिरीहून येणारी शेवटची गाडी वळून गेली की त्या बाकड्यावर जी सभा भरते, तिच्यात ऑलिम्पिकपासून वाडीच्या कबड्डीपर्यंत सर्व खटल्यांचे निकाल लागतात. अध्यक्ष अर्थातच शिंपीकाका. त्यांचे मशीन चालू असेतो इतरांनी बोलायचे आणि मशीन थांबले की सर्वांनी थांबायचे! एस.टी.तून निवृत्त झालेले वाहककाका हे विरोधी पक्षाचे नेते. माझा चुलतभाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, तो बाकड्याच्या टोकाला बसून नुसते ऐकतो. सभेत खरोखर मैदानात उतरणारा तो एकटाच. गावच्या संघाचा डावा कोपरा गेली पाच वर्षे तो सांभाळतो आहे.

सभेला कोणताही खेळ वर्ज्य नाही. २०२५ च्या मे अखेरीस पॅरिसच्या संघाने म्युनिकच्या मैदानावर इंटर मिलानला ५–० असे लोळवले. त्यानंतर दोन दिवस आमच्याकडे दुसरा विषय नव्हता. त्या पाचांतले दोन गोल देझिरे दुवे नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलाने मारले होते. "तुझ्याच वयाचा पोर, बघ!" असे वाहककाका मला अशा सुरात म्हणाले की, जणू मी मुद्दामच पॅरिसला गेलो नाही. त्याआधी एप्रिलमध्ये रोरी मॅकिलरॉयने मास्टर्स स्पर्धा जिंकली आणि गोल्फमधल्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकणारा तो सहावा पुरुष खेळाडू ठरला. त्याचीही चर्चा झाली. आता, गोल्फचे मैदान आमच्यापैकी कुणीही डोळ्यांनी पाहिलेले नाही. आमच्या कातळावर तो खेळ मांडला तर चेंडू थेट समुद्रात जाऊन पडेल. पण ७ ऑगस्ट २०२१ च्या सकाळी अदिती अशोक टोकियोत पदकासाठी झुंजत होती, तेव्हा 'बर्डी' आणि 'बोगी' हे शब्द वाडीत ऐकू आले ते आलेच. जागतिक क्रमवारीत दोनशेवी असलेली ती मुलगी चौथी आली, कांस्यपदक एका फटक्याने हुकले, आणि ज्यांना त्या दिवशी सकाळपर्यंत हा खेळ काठीने खेळतात की बॅटने हे ठाऊक नव्हते, त्यांनी दुपारी जेवताना हळहळ व्यक्त केली. यात मला हसण्यासारखे काही वाटत नाही. माणसाला आपले कुणीतरी जिंकताना पाहायचे असते. खेळ कोणता, हा प्रश्न नंतरचा.

पण 'आपले कुणीतरी' म्हणजे नेमके कोण? येथे मात्र मोठी मौज होते, आणि ती दिसते उत्तेजकांचे प्रकरण निघाले की. गोल्फमध्ये विजय सिंग नावाचा एक थोर खेळाडू होऊन गेला. जन्माने फिजीचा, वंशाने भारतीय. २०१३ साली त्याने हरणाच्या शिंगांपासून केलेला फवारा वापरल्याचे स्वतःच सांगितले आणि गहजब झाला. त्या फवाऱ्यात वाढीला चालना देणारा एक निषिद्ध घटक असतो, असे म्हणत अमेरिकेतल्या गोल्फ संघटनेने कारवाई सुरू केली. पुढे उत्तेजकविरोधी जागतिक संस्थेने, म्हणजे 'वाडा'ने, त्या फवाऱ्याला आपण निषिद्ध मानत नसल्याचे कळवले आणि कारवाई मागे घ्यावी लागली. सिंगसाहेब गप्प बसले नाहीत. त्यांनी उलट संघटनेवरच दावा लावला आणि २०१८ साली त्यात तडजोड झाली. हा वृत्तान्त मी सभेत सांगितला तेव्हा पहिला प्रश्न आला, "सिंग म्हणजे आपलाच ना?" मी होकार देताच एकमताने ठराव झाला की, त्याच्यावर अन्याय झाला होता. फवाऱ्यात काय होते, हे कुणी विचारले नाही.

याहून बोलके उदाहरण घरचे आहे. नरसिंग यादव. २०११, २०१२ आणि २०१३ अशी सलग तीन वर्षे 'महाराष्ट्र केसरी'ची गदा त्याने खांद्यावर घेतली. घराणे मूळचे उत्तर प्रदेशातले; तो स्वतः मुंबईचा मल्ल, महाराष्ट्र पोलीस दलात उपअधीक्षक. २०१५ साली लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत ७४ किलो गटात त्याने कांस्यपदक मिळवले आणि भारताला रिओ ऑलिम्पिकची जागा मिळवून दिली. मग सुशीलकुमारने निवड चाचणीची मागणी केली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि ६ जून २०१६ रोजी ती मागणी फेटाळली गेली. आमचे बाकडे तेव्हा किती आनंदले होते! मी पाचवीत होतो, पण ते बोलणे मला आठवते. दिल्लीवाल्यांना महाराष्ट्राने चीत केले, असा एकूण सूर होता.

तीनच आठवड्यांत पारडे फिरले. २५ जूनला सोनीपतच्या केंद्रावर घेतलेल्या नमुन्यात मेथँडिएनोन हे स्नायू वाढवणारे निषिद्ध द्रव्य सापडले. ५ जुलैच्या नमुन्यातही सापडले. आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी ते कालवले, असे त्याचे म्हणणे होते. भारताच्या 'नाडा'च्या समितीने १ ऑगस्टला ते मान्य करून त्याला मोकळे केले. तो रिओला पोचला. पण वाडाने क्रीडा लवादाकडे दाद मागितली आणि १८ ऑगस्टला, म्हणजे कुस्तीच्या आदल्या दिवशी, त्याच्यावर चार वर्षांची बंदी आली. लवादापुढे तज्ज्ञांचे मत असे आले की, पहिल्या नमुन्यातले प्रमाण पाण्यात कालवलेल्या भुकटीने येण्यासारखे नाही. एकदोन गोळ्या पोटात गेल्या असल्या तरच ते जमते. कटाचा ठोस पुरावा पुढे आला नाही. संशय कितीही दाट असला तरी तो पुरावा होत नाही, हे लवादाने त्या दिवशी सांगितले.

त्या वर्षी ५ सप्टेंबरला गणपती आले आणि मुंबईचे चाकरमानी घरोघर उतरले. आरतीनंतर ओटीवर हाच विषय. आणि मला, त्या अजाण वयातही, एक गोष्ट चमत्कारिक वाटली. जूनमध्ये जो 'आपला महाराष्ट्र केसरी' होता, तो सप्टेंबरात काहीजणांच्या तोंडी 'तो आपला नायच मुळात, युपीचा' असा झाला होता! दुसरा पक्ष म्हणत होता, "आपला आहे म्हणूनच अडकवला." दोन्ही पक्षांचे आवाज चढलेले, आणि दोघांचेही मोजमाप एकच: तो आपला की परका? यंदा तर्कशास्त्राच्या तासाला अनुमानाचे प्रकार शिकताना मला ती ओटी आठवली. आमचे सर्वजण निर्दोष; अमका आमचा; म्हणून अमका निर्दोष. रचना बिनचूक आहे. पहिले विधान कुणी तपासत नाही, एवढेच.

खरे तर उत्तेजकांचा कायदा नेमका याच्या उलट दिशेने विचार करतो. तो गाव, भाषा, गदा काही पाहत नाही. तुझ्या अंगात जे सापडले त्याचा जबाबदार तू. ते कसे आले ते तू सिद्ध कर. हा नियम कठोर आहे, पण मला तो पटतो. नाहीतर प्रत्येक पकडलेला खेळाडू आपल्या आचाऱ्याकडे बोट दाखवील आणि जो निव्वळ घामावर चौथा आला त्याला कुणी वालीच उरणार नाही. पटते, तरी त्या नियमाला एक गोष्ट गृहीत धरावी लागते. ती अशी की, आपण काय खातो-पितो हे खेळाडूला कळते.

पृथ्वी शॉचेच पाहा. विरारचा मुलगा, २०१८ साली पहिल्याच कसोटीत शतक मारलेला. २०१९ च्या फेब्रुवारीत इंदूरला मुश्ताक अली स्पर्धेच्या वेळी त्याचा नमुना घेतला आणि त्यात टर्ब्युटलिन निघाले. हे द्रव्य खोकल्याच्या औषधांत सर्रास असते. आपण खोकल्यासाठी औषध घेतले, हे त्याने सांगितले. मंडळाने ते मानले, तरीही आठ महिन्यांची बंदी दिली. वय वर्षे एकोणीस. शिंपीकाकांनी तेव्हा मशीन थांबवून विचारले होते, "खोकला झाला तर पोरानं खोकत बसायचं काय?" आणि पॉल पोग्बाचे? २०१८ चा विश्वविजेता फुटबॉलपटू. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्याचा नमुना सदोष निघाला, चार वर्षांची बंदी झाली. अमेरिकेतल्या एका डॉक्टरने दिलेल्या पूरक औषधातून ते आले, हेतुपुरस्सर नव्हते, असे मानून लवादाने २०२४ मध्ये ती अठरा महिन्यांवर आणली. म्हणजे ज्याच्यापाशी डॉक्टर, वकील, पैसा सर्व काही होते, तोही एका बाटलीने फसला. मग ज्याच्यापाशी यातले काहीच नाही त्याने काय करावे?

हा प्रश्न मी सभेत कधी मांडला नाही. तो माझ्यापुढे घरातच आला.

गेल्या पावसाळ्यानंतर दादा एक डबा घेऊन आला. काळा, चकचकीत, झाकणावर सोनेरी बैलाचे चित्र. शहरातल्या एका व्यायामशाळेतल्या माणसाने तो त्याला अडीच हजारांना दिला होता. दादा आंब्याच्या हंगामात बागेत राबतो, उरलेले दिवस चिऱ्याच्या खाणीवर. अडीच हजार म्हणजे त्याचे किती दिवस, हा हिशेब मी केला नाही, चुलतीने मात्र मोठ्याने केला. जिल्ह्याच्या संघाची निवड चाचणी जवळ आली होती. दादाचे वय पंचवीस. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के जागा असतात, पण त्यासाठी राज्य पातळीवर चमकावे लागते, आणि दादाचे वजन कोपऱ्याला कमी पडते असे त्याला कुणीतरी सांगितले होते.

आमच्या घरात इंग्रजी अक्षरे वाचण्याचे खाते माझ्याकडे आहे. बँकेचे पत्र, इस्पितळाचा कागद, औषधाची चिठ्ठी सर्व माझ्यापुढे येते, आणि मी वाचले की ते घर मान्य करते. दादाने तो डबा माझ्यापुढे ठेवला आणि एवढेच विचारले, "नरसिंगवालं यात हाय काय, बघ."

मी कंदिलाएवढ्या गांभीर्याने तो डबा फिरवून फिरवून वाचला. अक्षरे मुंगीहून बारीक. प्रथिने इतकी, साखर इतकी, हे ठीक. पुढे एका चौकटीत 'प्रोप्रायटरी ब्लेंड' आणि खाली दहाबारा नावे, पण कशाचे प्रमाण किती याचा पत्ता नाही. शब्दकोश काढला. अर्थ निघाला, 'मालकीचे मिश्रण'. म्हणजे आत काय किती आहे ते मालकालाच ठाऊक! ग्रंथालयातल्या संगणकावर मी वाडाची निषिद्ध यादी उघडली आणि एकेक नाव ताडून पाहिले. त्यातले एकही नाव यादीत नव्हते. पण त्याच वाचनात दुसरी गोष्ट कळली. अशा भुकट्यांत पुष्कळदा जे छापलेले नसते तेही सापडते, म्हणून छापील यादीवर विसंबू नका, असे खेळाडूंना बजावलेले आहे. औषधांची नावे तपासण्याची सोय नाडाने मोबाईलवर केली आहे, पण भुकटीच्या डब्याची हमी तिथेही मिळत नाही. स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासलेले डबे मिळतात, पण ते अधिक महाग. २०२३ साली आपल्या देशात सुमारे ५,६०० नमुने तपासले गेले आणि त्यांत दोनशेहून अधिक सदोष निघाले, हा आकडाही तिथेच पाहिला. यांतले कितीजण गोळी ओळखून खाणारे आणि कितीजण सोनेरी बैलाला भुललेले, हे त्या आकड्यात लिहिलेले नसते.

मी दादाला म्हटले, "जे लिहिलंय त्यात नाही. जे लिहिलेलं नाही त्याचं मी वाचू शकत नाही."

तो हसला. म्हणाला, "एवढं शिकून हेच?"

त्या संध्याकाळी पहिल्यांदाच दादाने सभेत तोंड उघडले आणि डब्याची हकीकत मांडली. मला वाटले होते, नऊ वर्षे उत्तेजकांवर निवाडे देणारी ही मंडळी आता डबा फेकून दे म्हणतील. वाहककाका म्हणाले, "जिल्ह्याला कोण तपासायला येतो? खा बिनधास्त." कुणी म्हणाले, पलीकडच्या तालुक्यातली पोरे हेच खातात, त्यांचे खांदे बघ. शिंपीकाकांनी मशीन थांबवून नाचणी आणि कुळीथ यांची थोरवी सांगितली, पण तीही अशी की, जणू चाचणी पुढल्या महिन्यात नसून पुढल्या पिढीत आहे. पृथ्वी शॉसाठी हळहळणारे, विजय सिंगला एकमताने सोडवणारे, आमच्याच दादाच्या यकृताविषयी अवाक्षर बोलले नाहीत. दादा तर सर्वांचा आपला होता!

घरी चढताना पाखाडीवर त्याने मला विचारले, "तू सांग. खाऊ की नको?"

मी म्हटले, "नको."

"तुला काय बोलायला? तुला परीक्षेला वही-पेन न्यायचं. मला तिथे अंग न्यायचंय."

याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात असते तर मी ते तिथल्या तिथे दिले असते. मी पुन्हा 'नको' एवढेच म्हटले. दुसऱ्या दिवशी तो डबा परत करायला गेला. त्या माणसाने सील शाबूत असूनही पैसे द्यायला नकार दिला. चाचणी झाली. दादाने चार पकडी केल्या आणि त्याचे नाव राखीव खेळाडूंत लागले. आणखी चार किलो असते तर, असे निवड समितीतले कुणी म्हणाल्याचे त्याने घरी सांगितले, माझ्याकडे न पाहता.

तो अजून खेळतो. डबा माळ्यावर आहे, न उघडलेला. चुलतीने त्याच्या तोंडाला फडके बांधून ठेवले आहे. महागाची वस्तू आहे, मुंग्या लागतील म्हणते.