ससाण्याचा हात

भित्रा पक्षी मठ्ठ असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी बजरीगरचं मूळ गाव आधी पाहावं. ऑस्ट्रेलियाच्या मधल्या कोरड्या मुलखात जिकडे पाऊस होईल, गवताला बी धरेल, तिकडे थव्यानं जाणारा हा 30 ते 40 ग्रॅमचा हिरवा-पिवळा जीव. पाणवठ्यावर उतरावं तर वरून ससाणा. तिथे जो वेळेवर घाबरला तोच टिकला. जो 'काय आहे ते पाहू तरी' म्हणत बसला, त्याचा वंश पुढे आला नाही. 1840 साली जॉन गूल्ड हा पक्षितज्ज्ञ इंग्लंडला परतला तो जिवंत बजरीगर सोबत घेऊन, आणि मग ते पिंजऱ्यापिंजऱ्यांतून जगभर पसरले. माणसानं त्यांना निळं केलं, पांढरं केलं, करडं केलं. त्यांच्या भीतीला मात्र त्याला हात लावता आला नाही.

आमच्याकडच्या जोडीत हिरवा बंडोपंत आणि निळी सगुणा. नावं आईनं ठेवली. चोचीच्या वरचा नाकपुड्यांचा पट्टा निळा असेल तर नर, तपकिरी असेल तर मादी, हा ढोबळ नियम दुकानदारानं सांगितला आणि वर विचारलं, "पंख कापून देऊ का ताई? लवकर माणसाळतात." लोक या पक्ष्यांना सर्रास लव्हबर्ड म्हणतात, तोही म्हणत होता. खरे लव्हबर्ड आफ्रिकेचे, आखूड शेपटीचे, पण त्याच्याशी त्यावरून वाद घालण्यात अर्थ नव्हता. पंखांना मात्र मी नको म्हटलं. उडता न येणारा पक्षी तुमच्या बोटावर बसतो, कारण त्याला दुसरीकडे जाताच येत नाही. त्याला माणसाळणं म्हणणं मला पटत नाही.

आजोळी पडवीत मिठू असायचा, मिरची खाणारा, येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवणारा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं आज गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. परदेशी बजरीगरला ती बंदी नाही. तेव्हा मिठूच्या आठवणीनं हळवी झालेली बरीच घरं आता बजरीगरांकडे वळतात, आणि मिठूची अपेक्षा यांच्याकडून करतात. पहिला प्रश्न ठरलेला: "बोलतो का?"

नाही बोलत. त्यांना बोलायला घरात कुणीतरी आहे. कॅलिफोर्नियातल्या पक नावाच्या बजरीगरच्या नावावर 1,728 शब्दांचा गिनीज विक्रम आहे. पण माणसाची भाषा शिकणारा बजरीगर बहुधा एकटा वाढलेला असतो. ज्याला थवा नाही तो समोरच्या दोन पायांच्या प्राण्यालाच थवा मानतो आणि त्याची बोली उचलतो. जोडी असली की नर मादीची हाक शिकतो, हळूहळू दोघांची साद एकसारखी होत जाते. बंडोपंत दुपारभर जे पुटपुटत असतो ते सगुणासाठी. "एकाला वेगळं ठेव, आठवड्यात हातावर येईल," हा सल्ला मला अनेकांनी दिला, आणि तो खोटा नाही. एकटेपणा माणसालाही कुणाच्याही ओळखीला तयार करतो. पण एखाद्याची जोडी मोडून मग त्याच्या प्रेमाचं कौतुक करून घ्यायचं, हे मला जमण्यासारखं नव्हतं.

जोडीची अडचण अशी की भीतीही जोडीनं असते. सगुणा दचकली की बंडोपंत कशाला ते न बघताच उडतो. तो उडाला की तिची खात्री पटते, नक्कीच काहीतरी होतं. पहिल्या दिवसांत दोघंही पिंजऱ्याच्या लांबच्या कोपऱ्यात, पिसं अंगाला घट्ट चिकटवून, एरवीपेक्षा बारीक आणि उंच होऊन उभी असत. खाणंसुद्धा मी खोलीबाहेर गेल्यावर.

हात ही त्यांच्या लेखी सगळ्यात वाईट गोष्ट. वरून येतो, पाच नख्यांचा असतो आणि पकडतो. दुकानात त्यांना त्याचाच अनुभव. शिवाय चेहऱ्याच्या पुढच्या बाजूला दोन डोळे असणारा प्राणी रोखून पाहू लागला की तो शिकारीच. त्यांचे स्वतःचे डोळे बाजूला, सगळीकडे लक्ष ठेवायला. म्हणून मी तिरकं बसायला शिकले, खांदा त्यांच्याकडे, नजर पुस्तकात. आणि गप्प बसायचं नाही. मला वाटे पाखरांजवळ शांत बसावं, पण थव्यात शांतता पसरते ती ससाणा दिसल्यावर. सगळे खातायत, बडबडतायत, म्हणजे आभाळ मोकळं आहे. मग मी मोठ्यानं वर्तमानपत्र वाचायचे, वाटाणे सोलायचे, मधूनच एखादा खायचे. आई मिक्सर लावायची. सुरुवातीला कुकरच्या शिट्टीनं गोठणारी ही दोघं पुढे शिट्टी झाली की तिच्यावर आवाज चढवू लागली.

या सगळ्यात घराचीच वागणूक बदलली. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेनं पक्षी दगावतात, म्हणून तो गेला आणि माळ्यावरचा बिडाचा तवा खाली आला. आईला मनातून हवंच होतं ते. पिंजऱ्यात समुद्रफेस अडकवला. मडकं टांगलं नाही, कारण मडकं दिसलं की मादीला अंड्यांचे वेध लागतात, आणि मग बोटाशी मैत्री करायला तिला सवड कुठली. पण खरा प्रश्न छताच्या पंख्याचा. पिंजऱ्याचं दार उघडायचं तर खिडक्या बंद, आरशावर चादर, आणि पंखा बंद. पुण्याच्या एप्रिलात. आईनं हातपंखा घेतला, तो हलताक्षणी दोघं जाळीवर आपटली. तेव्हापासून दारं उघडी असेपर्यंत आम्ही दोघी घाम पुसत, अजिबात न हलता बसतो. पाहुण्यांना हे समजावून सांगणं अवघड जातं.

लाच म्हणून राळ्याचं कणीस. आधी जाळीला बाहेरून टेकवलं, मग त्याचा दांडा धरून मी तिथेच बसून राहिले, मग दांडा बोटांत आखूड होत गेला. घाई केली की ती दोघं मागे सरकायची, आणि मीही तेवढीच मागे सरकायचे. हे मागे सरकणंच कामाला आलं असावं. ससाणा कधी माघार घेत नाही. ज्या हाताला 'नको' म्हटलेलं कळतं, तो निदान वेगळा हात आहे.

धीर आधी केला तो सगुणानं. मान लांब, पाय दांडीला घट्ट, शरीराचा मागचा अर्धा भाग पळायच्या तयारीत, आणि पुढची चोच कणसात. बंडोपंत वरच्या दांडीवरून ओरडत होता, बहुधा तिच्या भल्यासाठी. ती खात राहिली. एक टपोरं बोंड संपलं, दुसरं निम्मं झालं, तेव्हा त्याच्या लक्षात आलं असावं की बायको मरत नाहीये आणि आपल्याला काही उरतही नाहीये. तो खाली उतरला. त्यांना एकत्र ठेवल्याचं सार्थक मला तिथे दिसलं: भीती जशी एकाची दुसऱ्याला लागते, तसा धीरही लागतो. फक्त धीर हळू लागतो.

आता सगुणा बोटावर चढते. पोटाच्या खालच्या बाजूनं, पायांच्या जरा वर बोट आणलं तरच. दोन बोटं पुढे, दोन मागे, अशी तिची पकड इतकी हलकी की वजन जाणवत नाही, फक्त नखं जाणवतात. बंडोपंत मनगटापर्यंत येतो, पण कणीस असेल तरच. रिकाम्या हाताशी त्याचा संबंध नाही. संध्याकाळी दोघं एकेक पाय पोटात ओढून, पिसं फुलवून चोच कुरकुरवत बसतात, म्हणजे झोप येतेय आणि सगळं ठीक आहे. कुणाचाही हात अजून त्यांच्या पाठीवरून फिरलेला नाही. फिरू नये, असंच मला वाटू लागलंय. ऑस्ट्रेलियात काय किंवा सदाशिव पेठेत काय, पाठीवर येतो तो ससाणाच.

परवा मी न्हाऊन डोक्याला लाल टॉवेल गुंडाळून खोलीत आले, तर दोघंही किंचाळत पडद्याच्या दांडीवर. मी टॉवेल सोडला, केसांतून पाणी गळत असतानाच कणीस घेऊन तिरकी बसले आणि मोठ्यानं अग्रलेख वाचू लागले. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती.

"पुन्हा पहिल्यापासून का गं?"

"पहिल्यापासून नाही," मी म्हटलं, "टॉवेलापासून. आणि तू पंखा लावू नकोस."