मुंबईचे दोन दिवस, आईची गोळी आणि एक साधी राईस प्लेट



शनिवार-रविवार जोडून मुंबईला जाऊन येणे हा आपल्या नाशिककरांचा जुना शिरस्ता आहे. सकाळी नाशिकरोडला पंचवटी पकडायची, दादरला उतरायचे, दोन दिवस फिरायचे आणि रविवारी संध्याकाळी परत. अशा सहलीआधी बरेच पेशंट विचारतात, "डॉक्टर, बाहेर काय खाऊ?" कुठे खाऊ आणि किती वाजता खाऊ, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. मीही कधी विचारले नव्हते. एका शनिवारी दादरच्या फुटपाथवर ते मला शिकावे लागले. तोच अनुभव आज सांगतो.

माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिचे माहेर गिरगावचे. बरेच दिवस ती म्हणत होती, "एकदा गिरगाव दाखव रे, मग कुठे ने म्हणणार नाही." शेवटी मी, पत्नी आणि आई असे तिघे निघालो. भाच्याने फोनवर पाहून खाण्याच्या ठिकाणांची मोठी यादी करून दिली होती. प्रत्येक नावापुढे तारे, खाली फोटो. मलाही ती पसंत पडली.

आईला पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी ती सकाळी घेते. घरी गोळी घेतली की दहा-पंधरा मिनिटांत तिची पोळी-भाजी किंवा उपमा समोर असतो. त्या दिवशी गाडीत बसल्यावर साडेसातला तिने रोजच्या सवयीने गोळी घेतली. सोबत चहा आणि दोन मारी बिस्किटे. मी म्हणालो, "आता पोट भरू नकोस, दादरला उतरलो की मस्त खाऊ." हे वाक्य मधुमेहाच्या डॉक्टरने बोलायचे नव्हते.

गाडीला थोडा उशीर झाला. सामान लॉजवर टाकले. यादीतल्या पहिल्या उपाहारगृहापाशी पोचलो तेव्हा बारा वाजत आले होते. दाराबाहेर चाळीसेक माणसे. नाव लिहून घेतले आणि सांगितले, "पाऊण तास." आम्ही थांबलो. एवढ्या लांबून आलो आहोत, तर तिथलेच खायचे, असा माझा हट्ट.

वीसेक मिनिटांनी आई चिडचिड करू लागली. "मला काही नको, घरी चला." मी म्हणालो, "आई, दहा मिनिटे थांब." तिच्या कपाळावर घाम होता. मला वाटले, मुंबईचा दमटपणा. ती एकच वाक्य दोनदा बोलली. मला वाटले, वय झाले. पत्नीने तिचा हात धरला आणि म्हणाली, "अहो, हात गार पडलाय, आणि थरथरतोय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गोळी घेऊन साडेचार तासांच्या वर झाले होते आणि पोटात दोन बिस्किटे. ग्लुकोमीटर लॉजवरच्या बॅगेत होता.

चार दुकाने सोडून एक साधे उडुपी हॉटेल होते. ते आमच्या यादीत नव्हते. आईला धरून तिथे नेले. गल्ल्यावरच्या गृहस्थांनी चेहरा पाहिला, पंख्याखालचे टेबल रिकामे करून दिले आणि वेटरला हाक मारली, "साखर-पाणी आण आधी." ऑर्डर काय, किती जण, काही विचारले नाही. साखरेचे पाणी पोटात गेल्यावर दहा-पंधरा मिनिटांत आई भानावर आली आणि म्हणाली, "भूक लागली आहे." मग तिघांनी राईस प्लेट खाल्ली. बिल साडेचारशेच्या आत. लॉजवर जाऊन साखर तपासली, १३२ आली. संध्याकाळी पुन्हा तपासली, कारण ते आवश्यक असते. का, ते पुढे सांगतो.

नेमके काय झाले?

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड ही औषधे स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. तुम्ही जेवलात की नाही, याच्याशी त्यांना देणेघेणे नसते. गोळी पोटात गेली की तिचे काम सुरू. इन्सुलिनच्या इंजेक्शनचेही तसेच. जेवण लांबले तर रक्तातली साखर ७० च्या खाली जाऊ शकते. यालाच आपण 'शुगर लो होणे' म्हणतो. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका फार कमी असतो.

साखर कमी झाल्याची लक्षणे अशी: घाम, हातांना कंप, धडधड, खूप भूक, चिडचिड, असंबद्ध बोलणे, डोळ्यांसमोर अंधारी. म्हाताऱ्या माणसांत कंप आणि धडधड कमी दिसते, चिडचिड आणि गोंधळच जास्त दिसतो. रक्तदाबासाठी मेटोप्रोलोलसारखी गोळी चालू असेल तर धडधड जाणवतच नाही, घाम मात्र येतो. म्हणून मधुमेहाचे पेशंट प्रवासात विनाकारण चिडले, तर आधी साखर तपासा, राग नंतर धरा.

अशा वेळी काय करावे?

माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून द्या. १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासा. अजून ७० च्या खाली असेल तर तेवढेच पुन्हा द्या. बरे वाटल्यावर लगेच पोळी, भात असे काहीतरी खायला द्या. पेढा, चॉकलेट, आइस्क्रीम देऊ नका. त्यातल्या स्निग्ध पदार्थांमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

या गोळ्यांचा परिणाम बराच काळ टिकतो, मूत्रपिंड थकलेले असेल तर आणखीच. साखर एकदा वर आली म्हणून निर्धास्त होऊ नका. ती काही तासांनी पुन्हा उतरू शकते. संध्याकाळी मी पुन्हा तपासली ती यासाठी.

मग खायचे कुठे?

त्या दुपारनंतर भाच्याची यादी मी बॅगेत ठेवून दिली. नावाजलेली ठिकाणे वाईट असतात असे नाही. पण शनिवार-रविवारच्या दुपारी तिथे रांग असते आणि गोळी रांगेत उभी राहत नाही.

मुंबईत स्वस्त, साध्या खाण्याची परंपरा जुनी आहे. कुटुंब गावी ठेवून नोकरीला आलेला कारकून आणि गिरणी कामगार यांच्या गरजेतून ती वाढली. दादर स्टेशनजवळचे मामा काणे १९१० चे. धोबीतलावचे कयानी १९०४ चे. माटुंग्याला स्टेशनसमोर रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून केळीच्या पानावर वाढते आहे. गिरणगावात तर घरोघरच्या बायका खानावळी चालवत. त्यांना संघटित करण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले. या सगळ्यांचे गिऱ्हाईक रोजचे होते. रोज येणाऱ्याला वेळेवर, परवडेल असे आणि पोटाला न बाधणारे अन्न द्यावेच लागते. पर्यटकाला एकदाच खूश केले की भागते, रोजच्या गिऱ्हाइकाला नाही.

म्हणून माझा पहिला नियम: आजूबाजूच्या बँकेतली, दुकानातली, ऑफिसातली माणसे जिथे जेवतात तिथे जेवा. रिक्षावाल्याला, मेडिकलवाल्याला विचारा, "तुम्ही कुठे जेवता?" 'चांगले हॉटेल कुठले' असे विचारले तर तो महागाचे दाखवेल.

आत गेल्यावर पुढच्या गोष्टी पाहा.

१. गर्दी आहे पण टेबल पटापट रिकामे होते आहे. म्हणजे अन्न शिळे राहायला वेळ मिळत नाही.

२. ताटातून वाफ येते आहे. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जंतू वाढतात. गरम इडली, डोसा, वरण-भात, चपाती सुरक्षित. सकाळपासून बाहेर राहिलेला भात संध्याकाळी परतून 'फ्राइड राइस' होतो, तो टाळा. भातातला बॅसिलस सेरियस हा जंतू जे विष तयार करतो, ते पुन्हा गरम केले तरी नष्ट होत नाही.

३. बेसिनपाशी साबण आहे. वेटर आणि आचारी यांनाही हात तिथेच धुवायचे असतात.

४. तळणीचे तेल काळे, घट्ट, फेसाळणारे दिसले तर वडा-भजी सोडून द्या.

५. भिंतीवर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना लावलेला आहे. तो चवीची हमी देत नाही, पण दुकानाची नोंद असल्याचे सांगतो.

पाणी सीलबंद बाटलीचे किंवा घरून आणलेले प्या. उकळता चहा चालेल. बर्फ, उघडी चटणी, कापून ठेवलेली काकडी-कांदा आणि पाणीपुरीचे पाणी यांपासून दूर राहा. पैसे वाचवायचे असतील तर मिनरल वॉटरवर वाचवू नका, कोल्ड्रिंकवर वाचवा.

राईस प्लेट कशी खावी?

मधुमेह असेल तर आधी भाजी, उसळ, डाळ, दही किंवा ताक, मग चपाती, आणि शेवटी थोडा भात. भाताची दुसरी मूद नको म्हणून आधीच सांगा. वाटीतला गोड पदार्थ दुसऱ्याला द्या. रक्तदाब असेल तर पापड, लोणचे आणि फरसाण यांत मीठ भरपूर असते हे लक्षात ठेवा. पीयूष म्हणजे दह्याचा पदार्थ म्हणून तो साधा समजू नका, त्यात साखर चांगलीच असते.

परत आल्यावर

खाल्ल्यावर दोन-चार तासांत उलट्या सुरू झाल्या तर बहुधा अन्नातल्या विषाचा परिणाम असतो आणि तो दिवसभरात ओसरतो. जुलाब झाले तर ओआरएसचे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात मिसळून थोडे थोडे घ्या. दुकानातून मनाने अँटिबायोटिक आणू नका. ताप, शौचातून रक्त, लघवी कमी होणे किंवा पाणीही न टिकणे, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांकडे जा.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. टायफॉइड साधारण एक ते दोन आठवड्यांनी दिसतो, अ प्रकारची कावीळ दोन ते सहा आठवड्यांनी. तोवर सहल विसरलेली असते. ताप किंवा डोळे पिवळे घेऊन आलात तर "महिन्यापूर्वी बाहेर खाल्ले होते" हे आवर्जून सांगा.

आमचे पुढे काय झाले?

रविवारी सकाळी गोळी बॅगेतून बाहेर काढलीच नाही. आधी गिरगावात विनय हेल्थ होममध्ये बसलो. नाश्ता टेबलावर आला, मग आईने गोळी घेतली. तिने मिसळ मागितली. मी अर्धी दिली, सोबत ताक. नंतर ती आपल्या जुन्या गल्लीतून हळूहळू चालली. चाळीच्या जागी इमारत उभी होती. ती काही वेळ वर बघत राहिली आणि म्हणाली, "बरं झालं, बघून घेतलं."

नाशिकला आल्यावर तिची औषधे पाहणाऱ्या माझ्या डॉक्टर मित्राला सगळे सांगितले. त्याने दोन-तीन प्रश्न विचारले. मग लक्षात आले की घरीही दुपारचे जेवण लांबले की ती "जरा गळाल्यासारखं वाटतंय" म्हणायची आणि आम्ही वयावर ढकलायचो. या वयात तीन महिन्यांची सरासरी साखर सातच्या खाली आणण्याचा अट्टहास नसतो. साडेसात ते आठ चालते, साखर खाली जाऊ न देणे जास्त महत्त्वाचे. त्याने ग्लिमेपिराइड बंद करून साखर सहसा एकदम न उतरवणारी दुसरी गोळी दिली. म्हणजे मुंबईने आजार दिला नाही, असलेला धोका दाखवला.

तेव्हा सहलीला निघण्यापूर्वी एवढे करा. तुमच्या गोळ्यांपैकी कोणती साखर उतरवते हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. ती गोळी कधी घ्यायची ते घड्याळावर सोडू नका, जेवण समोर येऊ द्या. ग्लुकोमीटर, चार चमचे साखरेची पुडी आणि मूठभर फुटाणे खांद्यावरच्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नाही. आणि रांग पंधरा मिनिटांपेक्षा मोठी दिसली, तर सरळ शेजारच्या हॉटेलात जा.

त्या उडुपी हॉटेलच्या गृहस्थांना मी साखरेचे पैसे विचारले होते. ते म्हणाले, "पाण्याचे काय घ्यायचे, आजी बसल्या ना नीट?" पुढच्या वेळी दादरला उतरलो की पहिले जेवण तिथेच होणार आहे.

काळजी घ्या.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतेही औषध बंद करू नये किंवा बदलू नये.)