पडद्यावरची माणसं कामावर कधी जातात?

सिनेमा बघताना मला एक खोड आहे. पडद्यावरचा माणूस पोटापाण्यासाठी काय करतो, याचा मी हिशेब ठेवतो. तो किती वाजता उठतो, कामावर कशानं जातो, महिन्याला किती कमावतो, आणि एवढ्या पगारात त्याला समुद्र दिसणारा फ्लॅट कसा परवडतो? मित्र म्हणतात, तुझ्याबरोबर पिक्चर बघणं म्हणजे ऑडिटला बसणं.

मी समीक्षक वगैरे नाही. हिंजवडीतून घरी पोचेपर्यंत आठ वाजतात. मग पाण्याच्या बाटलीला मोबाइल टेकवून जेवताना जे चालू होतं, ते मी बघतो. कधीमधी शनिवारी थिएटर. पण गेल्या काही वर्षांत जे मनात राहिलं आणि जे दुसऱ्या दिवशी पुसलं गेलं, त्याच्या दोन याद्या केल्या तर फरक बऱ्याचदा एकच निघतो. राहिलेल्या गोष्टींमधली माणसं काम करताना दिसतात. पुसल्या गेलेल्या गोष्टींमधली माणसं फक्त बोलत असतात.

मालिकांपासून सुरुवात करतो, कारण घरी सगळ्यात जास्त त्याच चालतात. मालिकेतल्या श्रीमंत घराचा 'बिझनेस' असतो. कसला, ते विचारायचं नाही. एक फाइल येते, त्यावर सही होते, कुणीतरी 'डील कॅन्सल' म्हणतं आणि कॅमेरा तीन चेहऱ्यांवर तीन-तीनदा फिरतो. 'माझ्या नवऱ्याची बायको'मधल्या राधिकेच्या मसाल्याच्या तीनशे कोटींवर आमच्या पिढीनं भरपूर मीम्स केली. खरं तर घरगुती मसाल्याचा धंदा ही किती चांगली गोष्ट होती! मिरची कुठून आणायची, देठं काढायला किती बायका लागतात, वाळत घातल्यावर आभाळ भरून आलं तर काय, डंकावर किती वेळ थांबावं लागतं, दुकानदार पैसे कधी देतो. यातल्या प्रत्येकावर एकेक आठवडा निघाला असता. आई तेव्हा म्हणाली होती, "तीनशे कोटी झाले, पण हिच्या हाताची एकदा तरी आग झाली का?" मालिकेवरची याहून चांगली समीक्षा मी वाचलेली नाही.

कामाला पडद्यावर वेळ मिळत नाही, याचं एक कारण साधं आहे. काम म्हणजे तेच ते पुन्हा करणं, आणि तेच ते बघायला कुणी तिकीट काढत नाही. त्यामुळे संपादक कात्री लावतो. मेहनतीचं एक गाणं होतं, साडेतीन मिनिटांत तीन वर्षं सरतात, नायक घामाघूम होतो आणि गाणं संपताना यशस्वी झालेला असतो. हे बघत मोठं झालेल्या माणसाला नोकरी लागल्यावर धक्का बसतो, कारण इथे गाणं संपतच नाही.

'ट्वेल्थ फेल' मला आवडला तो याचसाठी. २०२३ मधला विधू विनोद चोप्रांचा हा चित्रपट, पुढे महाराष्ट्र केडरमध्ये आयपीएस झालेल्या मनोज कुमार शर्मांच्या आयुष्यावरचा. त्यातला शेवटचा निकाल बघून थिएटरमध्ये लोक रडत होते. मला मात्र पिठाची गिरणी लक्षात राहिली. विक्रांत मॅसीच्या केसांत, भुवयांत पीठ आहे, कानात गिरणीचा आवाज आहे आणि त्यातच तो पुस्तक धरून बसलाय. स्पर्धा परीक्षेच्या बहुतेक कथांमध्ये शत्रू म्हणजे परीक्षा असते. इथे शत्रू म्हणजे दिवसाचे चोवीस तास. गिरणीत गेलेला तास अभ्यासातून वजा होतो. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांबाहेर चहा पीत उभ्या असलेल्या कुठल्याही पोराला विचारा, हे गणित त्याला तोंडपाठ असतं.

'पंचायत' आमच्या घरात पप्पांनी तीनदा बघितली. ते एसटीत वाहक होते. एकतीस वर्षं तिकिटं, रोकड, वेबिल आणि शेवटच्या रुपयाचा ताळमेळ. त्यामुळे फुलेरा गावात महिना वीस हजारांवर आलेला इंजिनिअर सचिव त्यांना पहिल्या भागापासूनच आपल्या खात्यातला वाटला. कार्यालयाची हरवलेली किल्ली, भिंतीवर रंगवायची घोषणा, सौरदिव्यांचं वाटप, चोरीला गेलेला मॉनिटर. पहिल्या पर्वातला जवळजवळ प्रत्येक भाग एखाद्या सरकारी कामातून निघतो. काम आधी, गंमत त्यातून. नीना गुप्तांची मंजूदेवी कागदोपत्री प्रधान असते, कारभार नवरा बघतो. शेवटी ती राष्ट्रगीत पाठ करून सव्वीस जानेवारीला झेंडा फडकवते, तेव्हा तिनं पहिल्यांदा स्वतःच्या पदाचं एक काम स्वतः केलेलं असतं. भाषण एकही नाही, तरी मुद्दा पोचतो.

पुढच्या पर्वांत मात्र हे कार्यालय हळूहळू रिकामं झालं. आमदार आला, गोळीबार झाला, चौथ्या पर्वात निवडणूक आली. पप्पा एका रात्री म्हणाले, "हा सचिव हल्ली कामाला जातो का नाही? खात्यात असता तर मेमो आला असता." सगळे म्हणतात पंचायतची मजा गेली, आणि कारण देतात की गोष्ट ताणली. माझ्या मते ताणली नाही, बदलली. कामाच्या जागेची मालिका होती, ती गटबाजीची झाली. गटबाजी दाखवणाऱ्या मालिका आपल्याकडे ढीगभर आहेत.

आता स्वयंपाकघराकडे येतो. जियो बेबींचा 'द ग्रेट इंडियन किचन' हा मल्याळम चित्रपट २०२१ चा, आणि त्यावरून आरती कडव यांनी केलेला हिंदी 'मिसेस' २०२५ मध्ये आला. मला मूळ मल्याळम जास्त आवडतो. हिंदीत सान्या मल्होत्रा उत्तम आहे, पण चित्रपटाला आपलं म्हणणं पटवून देण्याची घाई आहे. मल्याळममध्ये घाई नाही. चिरणं, शिजवणं, वाढणं, उष्टं काढणं, भांडी, ओटा पुसणं आणि पुन्हा सकाळ. सासऱ्याला भात कुकरमधला नको, चुलीवरचाच हवा. कपडे मशीनमध्ये टाकायचे नाहीत. बेसिनचा पाइप गळतोय आणि नवरा प्लंबरला बोलावत नाही. संपादकाला इथे कात्री ठेवून द्यावी लागली आहे. आपल्याला कंटाळा येतो आणि तो कंटाळा हाच पुरावा आहे, की दहा मिनिटं बघून हे सोसत नाही ते कुणीतरी चाळीस वर्षं करत असतं.

आई-पप्पा पुण्याला आले होते तेव्हा 'मिसेस' लावला. वीस मिनिटांनी आई म्हणाली, "हे तर रोजचंच आहे. यात पिक्चर काय काढायचा?" थोड्या वेळानं पाइप गळायला लागला तेव्हा मी विचारलं, ती स्वतःच प्लंबरला फोन का करत नाही? आईनं माझ्याकडे न बघता सांगितलं, "अरे, फोन केला की पैसे कोण देणार, हा पुढचा प्रश्न येतो." हे वाक्य चित्रपटात नाही, पण अख्खा चित्रपट त्यावर उभा आहे. आई शेवटपर्यंत उठली नाही. मध्ये पप्पांनी चहा केला. साखर पडली नव्हती, पण कुणी काही बोललं नाही.

कोण कुणाचं काम उचलतं, हा प्रश्न परेश मोकाशींच्या 'नाच गं घुमा'तही आहे. मुक्ता बर्वेची राणी नोकरी करते आणि तिचा सगळा दिवस नम्रता संभेरावच्या आशाताई किती वाजता येतात यावर टांगलेला असतो. चित्रपट १ मे २०२४ ला आला. महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन एकत्र. उत्तरार्धात तो जरा गोड होतो, पण घड्याळाकडे बघत दाराशी उभी असलेली बाई अगदी खरी आहे. एका बाईला कामावर वेळेत पोचायचं असेल तर दुसरीला त्याआधी कामावर पोचावं लागतं. हसता हसता एवढं हिशेबात आलं तरी पुरे.

त्याच २०२४ मध्ये छाया कदम दोनदा भेटल्या. किरण रावांच्या 'लापता लेडीज'मध्ये त्या स्टेशनवर टपरी चालवणाऱ्या मंजूमाई. नवऱ्यापासून ताटातूट झालेली फूल त्यांच्याकडे राबते, मिठाई करते आणि तिला त्याचे पैसे मिळतात. हातात आलेली पहिली कमाई बघणारा तिचा चेहरा मला चित्रपटातल्या सगळ्या संवादांपेक्षा मोठा वाटतो. आणि पायल कपाडियांच्या 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'मध्ये, ज्याला कानमध्ये ग्रां प्री मिळालं, त्या मुंबईच्या रुग्णालयात स्वयंपाक करणाऱ्या पार्वती आहेत. राहत्या खोलीचे कागद नाहीत, बिल्डरला जागा हवी आहे. इतकी वर्षं शहराला जेवू घातलं आणि शहराकडे त्याची नोंद नाही. शेवटी त्या रत्नागिरीकडे आपल्या गावी परत जातात. कोकणातून मुंबईत गिरणीत किंवा घरकामाला गेलेल्या माणसांची घरं ज्यांच्या नात्यात आहेत, त्यांना हा प्रवास पडद्यावर जायच्या आधीपासून माहीत आहे.

कामाची नोंद नसणं किती भयंकर असू शकतं, ते चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'नं आधीच दाखवून ठेवलंय. चित्रपट थिएटरात २०१५ मध्ये आला, मी बघितला फार उशिरा, मोबाइलवर, दोन रात्रींत. मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या कामगाराची विधवा साक्षीला उभी राहते. नवरा उतरण्याआधी आत खडा टाकायचा, झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे असं समजायचा. वासानं नको व्हायचं म्हणून दारू प्यायचा. गॅसनं एक डोळा गेला होता. हे ती रडत सांगत नाही, पत्ता सांगावा तसं सांगते. तो माणूस पडद्यावर एकदाही काम करताना दिसत नाही, तरी त्याच्या कामाइतकं स्पष्ट मला दुसऱ्या कुठल्याही चित्रपटात काही दिसलेलं नाही. आणि हाच चित्रपट गीतांजली कुलकर्णींच्या सरकारी वकिलाला लोकलमधून घरी नेतो, स्वयंपाकाला लावतो. कोर्टात जिचा राग येतो, तिचा दिवसही आपल्याला बघावा लागतो.

बाहेरच्यांपैकी एकच नाव घेतो, २०२५ मध्ये गाजलेलं 'अ‍ॅडोलेसन्स'. चार भाग, प्रत्येक भाग एका सलग शॉटमध्ये. सगळे त्या कॅमेऱ्याच्या करामतीवर बोलले. मला त्याचा उपयोग वेगळा वाटला. कट नसला की काम लपवता येत नाही. तेरा वर्षांच्या मुलाला पकडून आणल्यावर नोंद, नर्सची तपासणी, बोटांचे ठसे, वकील हे सगळं त्याच्या खऱ्या वेळात घडतं. तिथली माणसं वाईट नाहीत, ती फक्त ड्युटीवर आहेत, आणि म्हणूनच अंगावर काटा येतो. शेवटच्या भागात त्या मुलाचा बाप, जो प्लंबर आहे, आपल्या व्हॅनवर कुणी लिहिलेलं पुसायला धडपडतो. ती व्हॅन त्याची रोजीरोटी आहे. ती डागाळली म्हणजे घरातलं दुःख धंद्यावर उतरलं.

राहिलं माझं काम. ते कुणी दाखवत नाही आणि मला त्याबद्दल तक्रारही करता येत नाही, कारण दाखवणार काय? एक माणूस खुर्चीत बसून काळ्या स्क्रीनकडे बघतोय. पप्पांच्या खांद्यावर तिकिटाच्या पेटीच्या पट्ट्याचा वळ होता. आईच्या बोटांवर सुरीच्या रेघा आहेत. माझ्या कामाची खूण कुठे उमटत असेल तर चष्म्याच्या नंबरात. त्यातही आता अर्धा कोड मशीनच लिहून देतं आणि मी तो वाचून 'ठीक आहे' म्हणतो. पप्पा विचारतात, "मग तू काय करतोस?" मी उत्तर देतो, पण ते देताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघत नाही.

त्याच आरती कडव यांचा 'कार्गो' नावाचा आधीचा चित्रपट आहे, नेटफ्लिक्सवर २०२० मध्ये आला होता. एका अंतराळयानात प्रहस्त नावाचा राक्षस मेलेल्या माणसांना पुनर्जन्मासाठी तयार करतो. जखमा दुरुस्त करायच्या, स्मृती पुसायच्या, पुढे पाठवायचं. रोज तेच. आजूबाजूला अनंत आकाश आणि आत सरकारी कचेरीसारखा कंटाळा. मग हाताखाली एक नवी मुलगी येते, जिला या कामाबद्दल अजून उत्सुकता आहे. माझ्या नोकरीच्या सगळ्यात जवळ गेलेला चित्रपट हाच, आणि त्यात एकही लॅपटॉप नाही. काम दाखवणं म्हणजे हत्यारं दाखवणं नव्हे, हे मला तिथे कळलं. तेच ते करणाऱ्या माणसाला त्याच्यात काय सापडतं आणि त्याचं काय हरवतं, एवढं दाखवलं तरी चालतं.

तर पुढच्या वेळी मित्रानं विचारलं, अमुक सीरिज कशी आहे, तर मी स्टार देणार नाही. त्यातला कुणी सोमवारी कामावर जातो का, तेवढं सांगेन. जात असेल तर बघ. नसेल जात, तर भांडी घासताना लाव. निदान तेवढा वेळ तरी कुणीतरी काम करत असेल.