नांदेडची शस्त्रे आणि आमची दुनळी

मुंबई-पुण्याची मंडळी उन्हाळ्यात महाबळेश्वरला जातात. मराठवाड्यातला मराठीचा प्राध्यापक पेपर तपासायला जातो. आमचे लातूरचे महाविद्यालय नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला जोडलेले, त्यामुळे ही माझी वारी दरसालची. यंदा मात्र लाल पेनांच्या डबीबरोबर पिशवीत आणखी एक कागद होता. मुद्रांकावर टंकलेले संमतिपत्र. 'वडिलांच्या नावे असलेली बारा बोअरची दुनळी बंदूक माझ्या धाकट्या भावाच्या नावे करण्यास माझी हरकत नाही.' खाली माझे नाव, आणि नावाच्या वर सहीपुरती मोकळी जागा. ती जागा महिनाभर तशीच होती.

प्राध्यापकाच्या घरी बंदूक, हे ऐकून शहरातले वाचक बिचकतील, म्हणून तिची ओळख करून देतो. औशाजवळच्या आमच्या गावी माजघरातल्या दोन खुंट्यांवर ती आडवी असे. आजोबांनी, म्हणजे बापूंनी, पोलीस ॲक्शननंतर काही वर्षांनी परवाना काढून ती घेतली. पुढे परवाना अण्णांच्या नावे झाला. माणसावर ती कधीच चालली नाही. भुईमुगात रानडुकरे शिरली की हवेत एक बार निघे, तेवढेच. खंडेनवमीला कोयता, विळा, पहार यांच्या शेजारी पाटावर तिची पूजा होई आणि आई तिला झेंडूचे फूल वाही. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागे, आई म्हणे, "गेली बाई माहेरपणाला." अण्णा गेल्या वैशाखात गेले. कायदा असा की परवाना माणसाचा असतो, घराण्याचा नसतो. माणूस गेला की हत्यार ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे, आणि वारसाला हवे असेल तर त्याने इतर वारसांच्या संमतीने नवा अर्ज करायचा. भावाने अर्ज केला होता. मोठ्या भावाची सही अडली होती.

लातूर म्हटले की आपल्याला १९९३चा भूकंप आठवतो, २०१६ साली मिरजेहून आलेली पाण्याची रेल्वे आठवते, नाहीतर परीक्षेचा 'लातूर पॅटर्न'. एस.टी.ने नांदेडला निघालात तर हे सगळे मागे पडते. चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर, माळाकोळी, लोहा. काळ्या रानातून वर चढणारा आणि पुन्हा उतरणारा रस्ता. मेच्या अखेरीस नांगरलेली ढेकळे, कडेला लिंबाची झाडे, आणि थांब्यावर खारे शेंगदाणे विकणारी पोरे. उजवीकडे दूर उदगीर राहते. तेथे १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवले, ते इब्राहिमखान गारद्याच्या तोफांच्या जोरावर. हा मुलूख शस्त्रांना नवखा नाही.

पण आमच्या घरात 'बंदूक' हा शब्द आला की गोष्ट निघे ती १९४८ची. रझाकारांचा पुढारी कासिम रझवी हा लातूरचाच वकील. त्याच्या माणसांकडे हत्यारे होती आणि मागे निजामाची सत्ता होती. आमच्या गावात बंदूक एकच, देशमुखांच्या वाड्यातली ठासणीची, आणि ठासायला दारू नव्हती. एका रात्री ओरड झाली, "आले रे!" बापूंनी गाडी जुंपली आणि दोन रात्री चालून बार्शी गाठली. तेथे निजामाची हद्द संपे आणि मुंबई इलाखा लागे. वाटेत बापूंच्या बहिणीचे तान्हे मूल दगावले. ते कोठल्या बांधाला पुरले हे बापूंना शेवटपर्यंत सांगता आले नाही. "गावात दोन बंदुका असत्या तर गाव उठला नसता," हे त्यांचे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकले की ते मला पाढ्यासारखे पाठ झाले होते.

भावाच्या अर्जामागे हेच वाक्य होते, आणि त्याची बाजू पोकळ नव्हती. तो एकटा शेतावर राहतो. विहिरीवरची मोटार दोनदा चोरीला गेली. ठाणे लांब. "दादा, तू लातुरात बंगल्यात राहतोस. बंदूक काय तुला खायला मागलाली का?" वहिनींचे मत वेगळे. त्या बीडकडच्या. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला, तो काही गोळीने झाला नव्हता. पण त्यानंतर बीड जिल्ह्यात हजारावर शस्त्रपरवाने असल्याची चर्चा महाराष्ट्रभर झाली, कमरेला पिस्तूल लावून मिरवणारी आणि हवेत बार काढणारी पोरे सर्वांनी चित्रफितींत पाहिली, आणि प्रशासनाने शंभराहून अधिक परवाने रद्द केले. वहिनी मला एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, आमचा थोरला आता सोळाचा झालाय. आणि त्याला राग लवकर येतो."

नांदेडला पहिला दिवस उत्तरपत्रिकांत गेला. संध्याकाळी पाय आपोआप सचखंड हुजूर साहिबकडे वळले. गुरू गोविंदसिंग दक्षिणेत आले ते बहादूरशहाबरोबर. येथे गोदावरीच्या काठी मारेकऱ्यांनी त्यांना भोसकले, आणि ऑक्टोबर १७०८ मध्ये त्यांचा अंत झाला. जखम भरत आली होती, पण एक कडक धनुष्य ओढताना टाके तुटले, अशी परंपरा सांगतात. अंत्यसंस्कार झाले त्या जागी अंगिठा साहिब आहे. त्यावरची इमारत महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधविली. २००८ साली गुरु-ता-गद्दीची त्रिशताब्दी झाली तेव्हा या शहराचे रस्ते रुंद झाले, पण दरबारातली संध्याकाळ बदललेली नाही. येथल्या शिखांची बोली ऐकावी: पंजाबी, दखनी आणि मराठी एकाच वाक्यात.

आरती झाल्यावर शस्त्रांचे दर्शन होते. सेवेकरी एकेक शस्त्र उचलून धरतात, ते कोणाचे, कोणत्या कामी आले ते सांगतात, आणि संगत हात जोडते. सोन्याची कट्यार, तलवारी, जडावाची ढाल, धनुष्ये, बाण. आणि त्यांत एक तोड्याची बंदूकही आहे. मी खंडेनवमी पाहत वाढलेला माणूस. शस्त्रापुढे हात जोडणे मला परके नाही. तरी त्या संध्याकाळी जोडलेल्या हातांत अवघडलेपण होते. याच परिसरात फेब्रुवारी २०२५ मध्ये गोळीबार होऊन एकाचा जीव गेला होता, आणि एप्रिल २०२२ मध्ये याच शहरात एका बांधकाम व्यावसायिकाला त्याच्या घरासमोर गोळ्या घातल्या होत्या.

लंगरच्या पंगतीत माझ्या शेजारी साठीचे एक सरदारजी होते. अमेरिकेहून आलेले, मालमोटारींचा धंदा. मी लातूरचा, मराठी शिकवतो, हे कळल्यावर हिंदीत गप्पा सुरू झाल्या. दर्शनाचा विषय निघाला आणि ते म्हणाले, "आमच्याकडे शस्त्राचे दर्शन दारातच होते."

मग त्यांनी सांगितले ते असे. ५ ऑगस्ट २०१२ रोजी विस्कॉन्सिन राज्यातल्या ओक क्रीक येथील गुरुद्वाऱ्यात रविवारी सकाळी लंगरची तयारी चालू असताना एक गोरा वर्णद्वेष्टा शिरला आणि त्याने सहा माणसे मारली. सातवा जखमी २०२० साली गेला. पिस्तूल त्याने दुकानातून रीतसर विकत घेतलेले. गुरुद्वाऱ्याचे वृद्ध अध्यक्ष हातातल्या सुरीनिशी त्याच्यावर धावून गेले आणि मेले. पुढे एप्रिल २०२१ मध्ये इंडियानापोलिसच्या एका पार्सल गोदामात आठ जण मारले गेले. त्यांतले चार शीख. "त्यानंतर," सरदारजी म्हणाले, "माझा मुलगा पिस्तूल लावून गुरुद्वाऱ्यात जातो. दाराशी उभा राहतो, मग आत येऊन वाढतो. त्याची आई त्याला म्हणते, त्या कमरेने माझ्या पंगतीत येऊ नकोस. ती तिकडच्या बायकांबरोबर बंदुकांविरुद्ध सह्या गोळा करते. घरात दोन वर्षे हाच वाद."

मी विचारले, "आणि तुम्ही?"

"मी येथे आलो," ते म्हणाले आणि पळीभर डाळ मागून घेतली.

त्या देशात नागरिकांकडे माणसांपेक्षा अधिक बंदुका आहेत असा अंदाज आहे. १७९१ सालची दुसरी घटनादुरुस्ती आणि २००८चा त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांमुळे बंदूक बाळगणे हा तेथे व्यक्तीचा हक्क ठरला आहे. ऑस्ट्रेलियात १९९६ साली पोर्ट आर्थरला ३५ माणसे मारली गेली, तेव्हा सरकारने कायदा बदलला आणि साडेसहा लाख बंदुका पैसे मोजून परत घेतल्या. अमेरिकेत प्रत्येक हत्याकांडानंतर तोच वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

हा वाद आपल्याकडेही झाला होता, हे आपण विसरलो आहोत. इंग्रजांनी १८७८च्या कायद्याने आपल्याला नि:शस्त्र केले याची चीड इतकी होती की १९३१च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांत, नियमांच्या अधीन राहून, शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला होता. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत मध्यप्रांत-वऱ्हाडचे सभासद ह. वि. कामत यांनी तो हक्क राज्यघटनेत यावा म्हणून दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. व्यक्तीच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्कापेक्षा, वेळ येईल तेव्हा राष्ट्रासाठी शस्त्र धरण्याच्या कर्तव्यावर भर हवा, असा त्यांचा रोख होता. दुरुस्ती पडली. शिखांचे कृपाण घटनेत राहिले ते धर्माच्या कलमात. आणि आपल्याला एकत्र जमण्याचा हक्क मिळाला तो 'विनाशस्त्र'. निजाम शरण आला त्याला तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. बापू बार्शीहून नुकतेच परतले असतील. त्यांना विचारले असते तर त्यांनी कामतांच्या बाजूने हात वर केला असता, यात मला शंका नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या चहाला मी ही सगळी हकीकत तपासणीच्या केंद्रावर सांगितली, बापूंच्या वाक्यासकट. टेबलावर आमच्याच भागातले, उर्दू शिकवणारे एक जुने स्नेही होते. आम्ही वीस वर्षे एकमेकांना ओळखतो. ते बशीत चहा ओतत म्हणाले, "सर, आमच्याही घरात १९४८ची गोष्ट आहे. फक्त ती १७ सप्टेंबरनंतर सुरू होते."

कोणी काही बोलले नाही. पोलीस ॲक्शननंतर मुसलमान वस्त्यांवर जे ओढवले त्याची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली होती. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वांत जास्त होरपळले असे तिने लिहिले, आणि एकूण किमान २७ ते ४० हजार माणसे मेली असावीत असा अंदाज दिला. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. तो अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. मी तो नंतर वाचला होता. वाचला होता, आणि तरीही बापूंची गोष्ट सांगताना मी नेहमी बार्शीलाच थांबत असे. आमचे गाव परत वसले तेव्हा गावातल्या चार घरांचे काय झाले, हे मी बापूंना कधी विचारले नाही, आणि त्यांनी आपणहून सांगितले नाही.

"तुमच्या आजोबांकडे बंदूक होती?" मी स्नेह्यांना विचारले.

"होती ना. शिकारीची. पहिल्यांदा तीच घेऊन गेले."

परतीच्या गाडीत लोह्यापर्यंत मी तो मुद्रांकाचा कागद मांडीवर घेऊन बसलो होतो. वळवाचा पाऊस आला, खिडक्यांच्या काचा लागल्या. वहिनींचा सोळा वर्षांचा मुलगा डोळ्यांपुढे येत होता, आणि रात्री विहिरीवर एकटा झोपणारा भाऊही. बापूंचे वाक्य खोटे होते असे मला आजही म्हणवत नाही. त्या रात्री गावाकडे दोन बंदुका असत्या तर ते मूल कदाचित वाचलेही असते. पण त्याच दोन बंदुका सप्टेंबर संपताना गावात कोणाच्या दाराशी उभ्या राहिल्या असत्या, या प्रश्नाचे उत्तर बापूंच्या नातवाने द्यायचे तर सही होत नव्हती.

मी सही केली नाही. भावाला ते समोर बसून सांगितले. तो रागावला, मग गप्प झाला. ते गप्प होणे जास्त लागले. मोटारीच्या खोलीला लोखंडी दार, शेतावर दिवे आणि तारेचे कुंपण यांचा खर्च मी उचलला. रानडुक्कर मारायलाही आता परवानगी लागते, हे त्याला सांगून काही उपयोग नव्हता. बंदूक ठाण्यात जमा केली. नेताना आईने सवयीने तिच्यावर झेंडू ठेवला. हवालदारांनी तो न बोलता उचलून टेबलावर बाजूला ठेवला आणि नळीवरचा क्रमांक लिहून घेतला.

यंदा खंडेनवमीला पाटावर कोयता, विळा, पहार होती. माझी लाल पेने आईने आपणहून मांडली. खुंट्या मोकळ्या होत्या. वहिनींनी तेथे दिनदर्शिका लावली आहे. भाऊ फोन करतो. डुकरांनी भुईमुगाच्या किती ओळी खाल्ल्या ते सांगतो, आणि मी काही बोलायच्या आत ठेवून देतो.