आडवा उभा गवा

"जावईबापू, ट्रेकला चाललाय म्हणे. मग ह्यालाही न्या की. दिवसभर मोबाईलात डोकं घालून बसलाय."

सासूबाईंचा बेळगावहून फोन. 'ह्याला' म्हणजे माझा मेहुणा, वय एकोणीस. त्याची परीक्षा नुकतीच संपली होती. नाही म्हणायची सोय नव्हतीच. 2019 चा नोव्हेंबर होता. गुरुवारी रात्री तो राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये बसला आणि शुक्रवारी सकाळी कॉलेजची सॅक पाठीला लावून बेंगळूरला आमच्या दारात हजर. त्या रात्रीच्या बसने आम्ही कुक्के सुब्रह्मण्यला निघालो.

आपल्याकडची मंडळी कुक्केला जातात ती सर्पसंस्कार नाहीतर आश्लेषाबली करायला. देवळामागून जी वाट रानात शिरते, तिच्याकडे सहसा कुणी वळत नाही. ही वाट कुमारपर्वताची. उंची 1712 मीटर. आपलं कळसूबाई 1646 मीटर, म्हणजे फार फरक नाही असं वाटेल. पण कुक्के गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम शंभर-सव्वाशे मीटरवर आहे. त्यामुळे जवळजवळ सगळी उंची आपल्याच पायांनी चढायची. वर जायला साधारण तेरा किलोमीटर, आणि पाठीवर तंबू, स्लीपिंग बॅग, दोन दिवसांचं खाणं.

पहिला टप्पा दाट जंगलाचा. पाऊस सरला असला तरी खालचा पाचोळा ओलाच होता, आणि ओला पाचोळा म्हणजे जळवा. अर्ध्या तासात मेहुण्याची हाक आली, "दाजी, हे बघा की!" मोज्याच्या वर तीन जळवा टम्म फुगलेल्या. मीठ टाकल्यावर त्या गळाल्या, पण रक्त काही थांबेना. जळू चावताना लाळेतून रक्त गोठू न देणारं द्रव्य सोडते, म्हणून ते वाहत राहतं, घाबरायचं कारण नसतं. हे मी अगदी अनुभवी माणसाच्या थाटात सांगितलं. पुढे एक शेकरू फांद्यांवरून उड्या मारत आमच्याबरोबर बराच वेळ चाललं. शेपटीसकट तीन फुटांचं तरी असेल. मेहुण्याने त्याचे चाळीस फोटो काढले, एकातही शेकरू नीट नव्हतं.

दुपारी भट्टरमने गाठलं. रानातलं एकुलतं घर, येणाऱ्याजाणाऱ्याला जेवू घालणारं. गरम भात, सांबार, लोणचं, ताक. मी तीनदा भात घेतला. इतकं साधं जेवण इतकं चविष्ट लागायला पाठीवर बारा किलो ओझं घेऊन पाच-सहा किलोमीटर चढावं लागतं, एवढीच काय ती अट.

शिखरावर मुक्कामाला मनाई असल्यामुळे आम्ही वनखात्याच्या चौकीजवळ तंबू ठोकला. पहाटे उठलो तर समोरची दरी ढगांनी काठोकाठ भरलेली, आणि कुठेतरी शीळ घालणारा कस्तूर सुरू झालेला. शाळेला निघालेल्या पोराने वाटेत वेळ काढत शीळ वाजवावी, तशी त्याची शीळ.

निघताना चौकीवरचा वनरक्षक कन्नडमध्ये मला म्हणाला, "वर काटी आहेत. काटी आडवी उभी राहिली तर ती तुमच्याकडे दुर्लक्ष करते आहे असं समजू नका. ती आपलं अंग दाखवते आहे. पळू नका, हळू मागे सरा, मध्ये झाड घ्या." काटी म्हणजे गवा. मेहुणा तेव्हा बाटल्या भरत होता. त्याला हे सांगायला हवं होतं. पण संध्याकाळपर्यंत खाली पोचून रात्रीची बस पकडायची होती. सोमवारी सकाळी ऑफिसात एक रिलीज होतं आणि माझं डोकं त्यातच. म्हटलं, वाटेत सांगू.

वाटेत सांगितलं नाही. चौकीनंतर उघडी गवताळ डोंगरधार लागते, मग दगडी मंडप, मग शेषपर्वत. शेषपर्वतावरून समोर कुमारपर्वत दिसतो, हात लांबवला तर टेकेल असा. मध्ये फक्त एक उतार आणि झाडीचा पट्टा. साडेदहा झाले होते. मेहुणा दमला होता. "तू ये सावकाश," म्हणून मी पुढे निघालो.

झाडीत शिरून थोडा पुढे गेलो असेन, तोच मागून एक फूत्कार ऐकू आला. प्रेशर कुकरची शिट्टी अर्ध्यावर दाबावी तसा. मागे वळून आलो. वाटेवर मेहुणा उभा, हातात मोबाईल. त्याच्यापासून वीस-पंचवीस फुटांवर गवा. काळाभोर, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा, खांद्याशी माझ्याएवढा उंच. आणि पूर्ण आडवा. मेहुण्याला वाटलं, काय मस्त पोज देतोय. त्याने फोटोसाठी एक पाऊल पुढे टाकलं.

ओरडावंसं वाटलं, पण आवाज फुटला तो अगदी हळू. "मोबाईल खाली घे. मागं सर. पळू नको. झाडामागं जा." त्याने ऐकलं. एकेक पाऊल मागे घेत तो एका जाड खोडाआड गेला. गवा हलला नाही. मग त्याच्या मागच्या झुडपांतून दोन माद्या आणि एक तांबूस वासरू निघालं आणि आमच्या दोघांच्या मधली वाट अडवून चरत राहिलं.

चाळीस मिनिटं. तो पलीकडे, मी अलीकडे, मध्ये कळप. मला तो दिसत नव्हता, हाक मारायची सोय नव्हती. फांदी मोडल्याचा आवाज आला की पोटात खड्डा पडायचा. सासूबाईंना फोन करावा लागला तर पहिलं वाक्य काय बोलायचं, याची मी मनातल्या मनात जुळवाजुळव करत होतो. जुळत नव्हती.

कळप उतारावरून खाली गेला. तरी मी आणखी थोडा वेळ थांबलो, मग पलीकडे गेलो. तो खोडाला टेकून बसला होता. म्हणाला, "दाजी, आता शिखरावर जाऊया की." त्याचे हात थरथरत होते. माझेही. आम्ही तिथूनच परत फिरलो. समोर दिसणारं शिखर तसंच राहिलं.

उतरताना ठरलं, घरी जळवांपुरतंच सांगायचं. तीन आठवड्यांनी बेळगावला रविवारी सगळे जेवायला बसलो आणि ह्या पठ्ठ्यानेच भाकरी मोडता मोडता सगळं सांगून टाकलं. फूत्कार, वासरू, चाळीस मिनिटं, सगळं. मी ताटात बघत होतो.

सासूबाईंनी पळी आमटीत तशीच ठेवली. "आणि जावईबापू, तुम्ही कुठं होता?"

"पुढे गेलो होतो," मी म्हणालो.